वरवरचा नमुना

१

कोठडीत सतराव्या दिवशी कास्तोर बुग्नायचं हृदय थांबलं. त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्याची बायको सेग्युन्दा खाणीच्या तपासणी-खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

आत इल्युमिनादा तिनेब भट्टीतून मुशी बाहेर काढत होती. सगळं लामुतेन गाव तिला वडीलधारी म्हणून आदराने आपो लुमिंग म्हणे. एकतीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. दगडाची भुकटी घ्यायची, जाळायची आणि तळाशी उरलेला सोन्याचा कण तोलून आकडा लिहायचा. तिच्या आकड्यावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"बस ना, सेग्युन."

"बसायला नाही आले, आपो. एक विचारायचंय. तुमच्या कागदाने तो चोर ठरला. तो कागद खरा होता का?"

लुमिंगने चिमटा खाली ठेवला. या प्रश्नाची तिला सवय नव्हती.

कागदातली गोष्ट साधी होती. चार महिन्यांपासून खाणीचं सोनं तिसऱ्या हिश्शाने घटलं होतं. गिरणीत जाणाऱ्या दगडात सोनं पूर्वीइतकंच होतं. सोनं काढून घेतल्यावर जो गाळ पन्हळीतून खालच्या तळ्यात वाहून जातो, त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. दोन्ही आकडे लुमिंगचे, दोन्ही तिच्या सहीचे. आत येतंय, वाया जात नाही आणि हातीही लागत नाही, तर मधेच कुणीतरी मारतंय. मधे होती गोळ्यांची गिरणी, दगड दळणारं पोलादी पिंप, आणि तिच्यावर बावीस वर्षं मुकादम होता कास्तोर. मग त्याच्या कपाटात सोन्याच्या भुकटीची पुरचुंडी सापडली आणि विषय संपला.

"कागद खरा होता," लुमिंग म्हणाली. "माझ्याकडे जी भुकटी आली, तिच्यात तेवढंच होतं."

"तो चार महिने घरी येऊन एकच म्हणायचा, गिरणीचा घसा बसलाय. जेवताना, झोपताना. मी म्हणायची, मग तिला आलं दे." सेग्युन्दा हसली नाही. "धरून नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना म्हणाला, उद्या आपो लुमिंगकडे जातो, त्यांना एक गोष्ट दाखवायचीय. सकाळी धुतलेला सदरा घालून निघाला. फाटकातच शिपाई उभे होते."

"मला काय दाखवणार होता?"

"ते तुम्ही शोधा. मला लिहिता-वाचता येत नाही, आपो. तुम्हाला येतं."

२

घसा बसलाय म्हणजे काय, ते लुमिंगला कळत होतं. रिकामी गिरणी थयथयाट करते, गोळ्यावर गोळा आदळतो. पोट भरलेली गिरणी घुमते. आणि पोटाबाहेर कोंबलं की तिचा आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा होतो.

ती कचेरीत जाऊन गिरणीची वही मागून बसली. कारकुनाने कपाळाला आठ्या घातल्या. "आपो, ते प्रकरण मिटलं ना?"

"माझं नाही मिटलं. वही दे, आणि वायफळ बोलू नकोस."

वही स्वच्छ होती. फेब्रुवारीपर्यंत रोज दोनशे टन दगड दळला जात होता. मार्चपासून तीनशे. इंजिनियर क्वेरुबिन व्यवस्थापक होऊन आले आणि एका महिन्यात गिरणीने दीडपट काम केलं, म्हणून मनिलाच्या मुख्य कचेरीने त्यांना अभिनंदनाची तार धाडली होती. ती काच लावून भिंतीवर टांगलेली होती. शेजारच्या रकान्यात विजेचा आकडा होता. फेब्रुवारीत जेवढी वीज, तेवढीच मार्चमध्ये आणि तेवढीच जूनमध्ये.

यात नवल नव्हतं. गिरणीची वीज जाते ती पोलादी गोळे वर उचलण्यात. तुम्ही दगड कमी घाला की जास्त, ती तेवढीच खाते. म्हणून टनामागे वीज कमी लागली असं क्वेरुबिननी लिहिलं, तेही खोटं नव्हतं. पण तेवढ्याच मेहनतीत दीडपट दाणे दळले तर पीठ भरडच पडणार. हे उखळात तांदूळ सडणारी पोरसुद्धा सांगेल. आणि दगड भरड राहिला की त्याच्या पोटातलं सोनं उघडं पडत नाही. सोनं विरघळवणारं औषध त्याला शिवत नाही, आणि ते दाण्याच्या आत बसून गाळाबरोबर चालतं होतं.

पण मग ते गाळात दिसायला हवं होतं, आणि गाळ तर स्वच्छ होता.

लुमिंगकडे गाळाचे नमुने यायचे ते आधीच कुटून मैदा केलेले. मूळ दाणा तिने कधी पाहिलाच नव्हता. मात्र प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग न कुटता कापडी पिशवीत घालून कोठारात ठेवायचा नियम होता. ती किल्ली घेऊन गेली. फेब्रुवारीची पिशवी उघडून तिने बोटांत चोळली. मऊ, मधे एखादा खडा. मग मे महिन्याची उघडली, आणि तिची बोटं थांबली.

तिने सर्वांत बारीक चाळणी आणून पिशवी पालथी केली. चाळणीवर काही म्हणजे काही उरलं नाही.

तेवढीच वीज, दीडपट दगड, आणि पीठ आधीपेक्षा मऊ. एकतीस वर्षांत असं दळण तिने ऐकलंही नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी ती फावडं घेऊन गाळाच्या तळ्यावर गेली. पाइनच्या झाडांवरून धुकं उतरत होतं आणि पन्हळीचं तोंड गाळ ओकत होतं. तिथल्या ओल्या काठात तिने कमरेएवढा खड्डा खणला. छप्पन्न वर्षांच्या बाईने हे करावं, म्हणून वरून दोन मजूर बघत उभे राहिले.

"आपो, पुरलेलं शोधताय की पुरताय?"

"अजून ठरवलं नाही. या, हात लावा."

खड्ड्याच्या भिंतीत थर स्पष्ट दिसत होते. खालचा राखाडी आणि गुळगुळीत, चिकणमातीसारखा. वरचा वीतभर जाडीचा थर रवाळ होता, बोटांना बोचणारा. दोन्ही थर त्याच पन्हळीतून, त्याच जागी पडलेले. वरचा याच चार महिन्यांचा. तिने दोन्हींतलं थोडं थोडं घेतलं, स्वतःच्या हाताने कुटलं, जाळलं आणि तोललं. वरच्या थरात खालच्याच्या सहापट सोनं निघालं.

म्हणजे चोरी झालीच नव्हती. सोनं उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तळ्यात पडून होतं. मग पिशवीत मैदा आला कुठून?

ती पन्हळीपाशी चढून गेली. पन्हळीच्या बाजूला नमुन्याची तोटी बसवलेली असते. दर तासाला तिच्यातून डबा भरायचा. वाहत्या गाळात जड, भरड दाणे तळाशी घसरत जातात आणि मऊ पीठ वर तरंगतं, म्हणून तोटी अगदी तळाला लागून हवी. ही तोटी तळापासून चार बोटं वर होती. खाली जुन्या भोकावर पत्र्याचं ठिगळ डागलेलं होतं. चार महिने नमुना घेणाऱ्याने आमटीवरचं नुसतं पाणी वाढून घेतलं होतं, आणि लुमिंगने त्यावर लिहून दिलं होतं की डाळ संपली.

वाकात नावाचा डाग देणारा म्हातारा आपल्या पत्र्याच्या खोपटात तंबाखू चघळत बसला होता.

"मीच बसवली. हुकमाची चिठ्ठी आहे. ज्याचं काम त्याची चिठ्ठी मी जपून ठेवतो, नाहीतर उद्या म्हणतील वाकातने स्वतःच्या अकलेने केलं."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: गाळ उडतो, सबब तोटी चार बोटं उचलावी. सही क्वेरुबिनची. तारीख सव्वीस फेब्रुवारी. गिरणीत पहिला जादा दगड पडला तो दोन मार्चला.

गाळ उडायला लागण्याच्या आधीच उडतो म्हणून लिहिलं होतं. म्हणजे त्या माणसाला पीठ भरड पडणार हे ठाऊक होतं. आधी त्याने साक्षीदाराचे डोळे बांधले, मग काम सुरू केलं. आणि साक्षीदार होती लुमिंग.

४

राहिली पुरचुंडी.

सुरक्षेचा प्रमुख सार्जंट बोनोआन. पोलिसातून निवृत्त झाला होता, पण चालणं अजून संचलनातलंच होतं. आरोपी मेल्यामुळे पुरचुंडी खाणीकडे परत आली होती आणि त्याच्या तिजोरीत होती.

"परत वितळवायची तर आधी तोलायला हवी," लुमिंग म्हणाली.

"तुम्ही तेव्हा तपासलीत ना, आपो?"

"तू कागदात चिमूटभर आणून विचारलंस, सोनं आहे का. मी म्हटलं, आहे. पुढे तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही."

त्याने पुरचुंडी दिली, पण तिच्यासोबत तपासणी-खोलीपर्यंत आला आणि खुर्चीत बसून राहिला. लुमिंगने भुकटी भिंगाखाली धरली. एक मिनिट, दोन मिनिटं. गिरणीच्या आत अडकलेलं सोनं गोळ्यांखाली चेचलं जातं. प्रत्येक कण पोह्यासारखा चपटा होतो आणि त्याला दगडाचा कण चिकटलेला असतो. हिच्यात एकही पोहा नव्हता. बारीक, वळलेल्या, चकचकीत शेवया होत्या आणि दगडाचा मागमूस नव्हता.

"सार्जंट, सोन्याच्या ओतीव विटांच्या खोलीत कोण कोण जातं?"

"मी आणि इंजिनियर. का?"

"हे गिरणीतून खरवडलेलं नाही. वितळवून ओतलेल्या विटेवर कानस मारलेली आहे ही. कास्तोरने आयुष्यात ती खोली आतून पाहिली नव्हती."

बोनोआनने उठून दार लावून घेतलं. पोलिसात तीस वर्षं काढलेला माणूस. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"मला सांगितलं, आठवं कपाट उघड, कास्तोरचं. मी उघडलं," तो म्हणाला. "कुणी सांगितलं ते तुम्ही विचारा. तुम्हाला नोकरीवरून काढणं जड जाईल. मला नाही."

५

इंजिनियर क्वेरुबिननी तिला कॉफी मागवली. माणूस सभ्य होता, नखं स्वच्छ. तिने चिठ्ठी, दोन थरांचे आकडे आणि भिंगाखाली पाहिलेलं सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"मिसेस तिनेब, मुख्य कचेरी म्हणत होती ही गिरणी परवडत नाही, बंद करा. मी तीनशे टन काढून दाखवले. चारशे घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. थोडं सोनं गाळात गेलं, ते काही पळून जात नाही. पुढे कधीतरी पुन्हा दळून काढता येईल."

"कास्तोर पुन्हा काढता येईल?"

"ते मला नको होतं." त्यांनी कप खाली ठेवला. "पण सगळ्या कागदांवर सही तुमची आहे. मी म्हणेन, तपासनीस बाईंनी चार महिने आकडे चुकवले. परवाना जाईल तुमचा. आणि तो दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात आला असता, तरी तुम्ही काय केलं असतंत? मुकादमाचं ऐकून स्वतःचा आकडा खोडला असतात?"

लुमिंग दारापर्यंत पोचली होती. ती वळली.

"तो माझ्या दारात येणार होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

क्वेरुबिननी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. खिडकीबाहेर गिरणी दबल्या आवाजात फिरत होती.

लुमिंग तडक सेग्युन्दाच्या घरी गेली. ती परसात वेलावरचे चायोटे तोडत होती.

"सेग्युन, त्या संध्याकाळी जेवायला कोण होतं?"

"आम्ही दोघं. आणि फौस्तो. माझा भाऊ, दुसरं कोण? तो रोजच असतो." तिने फळ टोपलीत टाकलं आणि मग तिचा हात तसाच टोपलीत राहिला.

फौस्तो. जो दर तासाला त्या तोटीखाली डबा धरत होता. कास्तोरला धरून नेल्यावर आठवड्याभरात जो मुकादम झाला.

"आपो," सेग्युन्दा हळूच म्हणाली, "घरी जा आता."

लुमिंग घरी गेली नाही.

६

फौस्तो आपल्या नव्या खोलीत होता. भिंतीवर मुकादमाचं शिरस्त्राण टांगलेलं. लुमिंगला पाहिल्यावर त्याने काहीच नाकारलं नाही. जणू कुणीतरी यावं म्हणून तो वाटच बघत होता.

"डब्याखालून रवा वाहायचा, आपो. दिसायचा मला. इंजिनियर म्हणाले, तुझं काम डबा भरणं, पन्हळीत डोकावणं नाही. मी डबा भरला."

"आणि कास्तोर?"

"कास्तोर मानोंगने, मोठ्या भावासारखा तो मला, त्या दिवशी ठिगळ पाहिलं. काय दाखवायचंय ते जेवताना बोलला नाही. नंतर अंगणात मला म्हणाला, तू नव्हतास ना यात? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग बरं, उद्या आपोला दाखवतो." फौस्तोने तोंडावरून हात फिरवला. "तो दाखवणार म्हणजे माझंही नाव निघणार. मी वर जाऊन सांगितलं. मला वाटलं, त्याला वरच्या खाणीत बदली करून टाकतील. पुरचुंडीचं मला माहीत नव्हतं."

"सकाळी शिपायांनी धरलं, तेव्हा तरी कळलं?"

"तेव्हा कळलं."

"मग सतरा दिवस काय केलंस?"

"तुरुंगात भात घेऊन जात होतो. रोज." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मानोंग म्हणायचा, फौस्तो, तू आहेस म्हणून सेग्युनची काळजी नाही."

लुमिंगला त्याच्या थोबाडीत मारायचं होतं, पण हात उचलला नाही. तिलाही सतरा दिवस होते. चिमूटभर सोनं भिंगाखाली धरायला एक मिनिट पुरलं असतं.

तिने अहवाल लिहिला तो स्वतःपासून सुरू करून. जो गाळ मी हाताने कधी चोळून पाहिला नाही, त्याच्या एकशे वीस आकड्यांवर माझी सही आहे. मग गिरणी, वीज, थर, तोटी, चिठ्ठी, कानशीच्या शेवया. शेवटच्या पानाआधी ती सेग्युन्दाकडे गेली.

"फौस्तोचं नाव गाळता येईल. त्याच्यावाचूनही सगळं सिद्ध होतं."

सेग्युन्दा चुलीपाशी बसली होती. "नमुना वरवरचा घेतला म्हणून माझा नवरा गेला," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा वरवरचाच घेणार? लिहा."

अहवाल मनिलाला गेला. तीन आठवड्यांत उत्तर आलं. तळ्यातलं सोनं पुन्हा दळून काढण्यासाठी नवी गिरणी मंजूर झाली होती, आणि इतकी उपयुक्त माहिती दिल्याबद्दल लुमिंगचे आभार मानले होते. तिचा परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेतला होता. क्वेरुबिन त्याआधीच दक्षिणेतल्या कुठल्या तांब्याच्या खाणीत मोठ्या हुद्द्यावर गेले होते. टनामागे कमी वीज, हे त्यांच्याबद्दल सगळीकडे बोललं जात होतं. न्यायाधीशांनी कळवलं की आरोपी मृत झाल्याने खटला बंद झाला आहे. बंद खटल्यात कुणी सुटत नाही आणि कुणी दोषीही ठरत नाही.

"म्हणजे कागदावर तो कोण?" सेग्युन्दाने विचारलं.

"संशयित."

"बरं."

पुढच्या रविवारी तिने डुक्कर कापलं आणि सगळ्या गावाला बोलावलं. शेजारच्या चार वस्त्यांतली म्हातारी माणसं अंगणात बाकांवर बसली. भाताची दारू फिरली. वाकात आला. बोनोआनसुद्धा मागे झाडाखाली टोपी हातात धरून उभा राहिला. जेवणाआधी सेग्युन्दाने लुमिंगच्या हातातून अहवालाची प्रत घेतली आणि सरळ चालत जाऊन भावासमोर धरली.

"मला येत नाही. तू वाच."

फौस्तोने बहिणीकडे पाहिलं. मग कागद घेतला. त्याचा आवाज सुरुवातीला ऐकू येईना, तेव्हा म्हाताऱ्यांनी मोठ्याने वाच म्हणून सांगितलं. तो मोठ्याने वाचू लागला. विजेचा आकडा वाचला, दोन थरांचा वाचला, चिठ्ठीची तारीख वाचली. कास्तोर बुग्नाय याने काहीही चोरलेलं नाही, हे वाक्य आलं तेव्हा बाकांवरून एक लांब हुंकार उठला. मग त्याने शेवटचं पान उलटलं आणि थांबला.

"संपलं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही संपलं," सेग्युन्दा म्हणाली. "वाच."

त्याने वाचलं. स्वतःचं नाव, बापाच्या नावासकट. डबा, तोटी, अंगणातलं बोलणं आणि तो वर जाऊन सांगून आला ती वेळ. वाचून झाल्यावर त्याने कागदाची नीट घडी घातली आणि ती कुणाला द्यावी हे न कळून हातातच धरून उभा राहिला. कुणी त्याला शिवी दिली नाही, आणि त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मांसाचे वाटे झाले. प्रत्येक घराचा एक, माणशी एक तुकडा, वेळूच्या काडीत ओवलेला. सेग्युन्दा स्वतः नावं घेऊन वाटत गेली. भावाच्या घराचं नाव आलं तेव्हा ती अडखळली नाही. भाऊ धरून चार माणसांचा पुरता वाटा तिने उचलला, त्याच्या बायकोला हाक मारून तिच्या हातात दिला आणि त्यातला एक तुकडा काडीवरून काढून परत पातेल्यात टाकला.

"तीन जण आहात तुम्ही," ती म्हणाली, आणि पुढच्या घराचं नाव घेतलं.